तिसऱ्या वल्ह्याची जागा

लाझेस, पिको बेट
१३ नोव्हेंबर १९६६

ताई,

ग्रासाचं पत्र आलं. तुझं नव्हे. तुझं पत्र आलंय का, हे पोस्टमनला विचारायचं मी कधीच सोडलं. तोच लांबून हात हलवतो, "नाही रे बाबा" म्हणून. मंगळवारी त्याने हात हलवला नाही, पाकीटच पुढे केलं. न्यू बेडफर्डचा शिक्का, आणि अक्षर तुझं नाही! उभ्या उभ्या पाकीट फाडलं. आधी तू बरी आहेस ना ते शोधलं, मग बाकीचं वाचलं.

पोरगी लग्न करतेय! जाताना माझ्या खांद्यावर बसून धक्क्यापर्यंत आली होती आणि सारखी विचारत होती, मामा, अमेरिकेत अंजिरं असतात का. मुलाची माणसं मूळची तेर्सेइरा बेटावरची, असं लिहिते. म्हणजे सणवार भरपूर आणि काम बेताचं. असो. तिला आवडलाय ना, मग झालं.

तिने एकच गोष्ट मागितलीय. लिहिते, "आई म्हणते, बाबा गेले त्या देवमाशाचा दात तुमच्याकडे आहे. त्यावर बाबांचं चित्र कोरून मिळेल का? बोटीत, वल्ह्यावर बसलेले. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. जूनपर्यंत झालं तर लग्नात टेबलावर ठेवीन."

म्हणजे तू घरात माझ्याबद्दल बोलतेस तर. दाताबद्दल का होईना.

दात आहे. जाणार कुठे? तू निघायच्या आदल्या दिवशी टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "दात वल्ह्याच्या वाट्याला येतो. वल्हं तुझं. तूच ठेव." दहा वर्षं तो पिठाच्या डब्यामागे पडलाय. साफसफाई करताना हाताला लागतो, तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

कोरणारा गावात एकच, बेल्मीरूकाका. सत्तरी उलटली, तरी अजून टेकडीवरच्या टेहळणीच्या खोपट्यात रोज बसतो. देवमाशाचा फवारा दिसला की दारूचा बाण आकाशात सोडून गावाला कळवायचं, नाही दिसला तर दात कोरत बसायचं. मी गेलो, दात त्याच्यापुढे ठेवला. ग्रासाचं मागणं सांगितलं.

त्याने दात उलटासुलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. "हा मी नाही कोरणार."

"का? हात कापतो?"

"तुझ्यापेक्षा कमी. हा तू कोर. मी शिकवतो."

"काका, मला धड डुकराचं चित्र काढता येत नाही."

"डुकराचं मागितलंय कुणी? उद्या गुराचं हाड घेऊन ये."

तर ताई, तुझा भाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी शाळेत जायला लागलाय. हसू आलं तर हस. हसलीस एवढं कळवलंस तरी मला पुरे.

तुझा
इलारियो


८ जानेवारी १९६७

ताई,

नाताळचं कार्ड मिळालं असेल. उत्तर नाही, म्हणजे मिळालंच असणार.

शिकणं चाललंय. दीड महिना नुसती हाडं. काकाने मला शिडं शिवायचा दाभण दिला होता, तो दुसऱ्याच दिवशी मोडला. मग मी ग्रासाच्या बाबांची, आपल्या अमांसियोची, चपला शिवायची पेटी उघडली. रागावू नकोस. तू सगळी हत्यारं मागे ठेवून गेलीस, गंजून गेली असती. त्यातली बारीक आरी घेतली, ती तो मऊ चामड्याला वापरायचा ना, तीच. मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात नीट बसत नाही, पण हत्यार झकास आहे. काकाने बघितलं आणि नवं हाड पुढे सरकवलं.

पहिला देवमासा कोरून दाखवला तर म्हातारा म्हणतो, "हे रताळं चांगलं जमलंय. आता मासा काढ."

दुसरा काढला. "ही अळकुडी."

खोपट्यात दुसरा टेहळ्या बसलेला असतो, तो असा हसायला लागला की त्याची दुर्बीण पडता पडता वाचली. मी पण हसलो. खोटं कशाला सांगू, दहा वर्षांत पहिल्यांदा मला कुणाबरोबर तरी बसावंसं वाटतंय.

कामाचं सांगतो. आधी दाताचे उंचवटे कानशीने घासून काढायचे. मग मुशी माशाच्या खरखरीत कातड्याने, मग राखेने, मग नुसत्या फडक्याने, आपला चेहरा दिसेल इतका गुळगुळीत. मग आरीने ओरखडे काढायचे. आणि गंमत अशी की काढताना काही म्हणजे काही दिसत नाही! पांढऱ्यावर पांढरं. बोटाने चाचपत पुढे जायचं. सगळं झालं की तेलात कालवलेली काजळी चोळायची आणि पुसून टाकायची. गुळगुळीत भागावरून ती निघून जाते, रेघेत बसते. तेव्हा कुठे कळतं आपण काय करून ठेवलंय ते.

काकाचा नियम एकच. डोळ्यांनी पाहिलं असेल तेच कोरायचं. गेल्या उन्हाळ्यात एक फ्रेंच पाहुणा आला होता, जलपरी कोरून द्या म्हणत होता. काका म्हणाला, "आधी दाखव."

परवा मी बसलेला असताना बाण सुटला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. आरी अंगठ्यात घुसली. काका मात्र शांत. बाण सोडला की तो दुर्बीण समुद्रावर लावत नाही, आधी गावावर लावतो. कोण कुठून धावतंय, मोजतो. मळ्यातून एक, गुत्त्यातून दोन, चर्चच्या पायऱ्यांवरून एक. सात झाले की म्हणतो, "बोट भरली," आणि मग समुद्राकडे वळतो. इतकी वर्षं असंच करतो म्हणे. मला हे ठाऊक नव्हतं.

अमांसियो गेला त्या दिवशी मी वरच्या कुरणात गाईपाशी होतो हे तुला माहीत आहेच. कडा आडवा येतो, तिथे बाण ऐकू येत नाही. उगाच लिहिलं, विषय निघाला म्हणून.

अंगठा बरा आहे.

इलारियो


२६ फेब्रुवारी १९६७

ताई,

खरा दात हातात घेतला एकदाचा. घासताना त्याचा वास आला, जळक्या शिंगासारखा. घरभर झाला. मी दारं उघडून अंगणात जाऊन बसलो.

बोट कोरली. आपली 'सांता क्लारा', नाकापासून सुकाणूपर्यंत. बोट मला काढता येते, तीत माझी अठरा वर्षं गेली. सात माणसं बसवली. भाला मारणारा पुढे, सुकाणूवर म्होरक्या, मध्ये बाकीचे. काजळी भरली, पुसली, आणि ताई, आली की बोट! मला स्वतःचंच नवल वाटलं. पळत टेकडीवर गेलो.

काकाने भिंग लावलं. एकेक माणूस बघत गेला.

"तिसऱ्या वल्ह्यावर कोण?"

"अमांसियो. दुसरं कोण?"

"चपला शिवून शिवून अमांसियोची पाठ वाकली होती. मान अशी पुढे. ह्या माणसाचे खांदे बघ. बैलासारखे. हा तू आहेस."

मी म्हटलं, सवयीने झालं असेल, ती जागा माझीच ना. हाताला आपलीच पाठ ठाऊक.

"आपली पाठ कुणी पाहिलीय का? कशाला बसवलंस स्वतःला तिथे?"

मला राग आला. म्हटलं, तुम्हाला शिकवायचं असेल तर शिकवा, पोलिसासारखे प्रश्न कसले विचारता! दात खिशात घातला आणि उतरलो. आठ दिवस गेलो नाही. मळ्यात द्राक्षाची छाटणी होतीच.

नवव्या दिवशी गेलो. म्हाताऱ्याने मक्याच्या भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला, जणू मी आदल्या दिवशीच आलो होतो. मग म्हणाला, "घास. तो माणूस घासून टाक."

घासला.

ग्रासाला सांग, वेळेवर होईल. तिचे बाबा तिला मिळतील.

इलारियो


९ एप्रिल १९६७

ताई,

एक घोटाळा झालाय. लिहू की नको असं झालं होतं, पण कोरणाऱ्याने लपवलं तरी काजळी लपवू देत नाही, तेव्हा लिहितो.

माझी आकृती घासून मी तिथे अमांसियोला बसवलं. वाकलेली पाठ, पुढे आलेली मान, डावा खांदा किंचित खाली. डोळे मिटले की तो मला दुकानाच्या दारात दिसतो, तोंडात खिळे धरून बोलणारा. तसाच कोरला. हाताला चांगला लागत होता. खूश होऊन काजळी भरली आणि पुसली.

तर एका जागेवर दोघं आले.

अमांसियो ठळक. आणि त्याच्या मागे फिकट, धुरकट, बैलाच्या खांद्यांचा तो दुसरा. मी वरवर घासलं होतं. पांढऱ्यावर पांढरं, मला वाटलं गेला. तळाशी ओरखडे राहिलेच होते, काजळीने ते बरोबर शोधून काढले. नवशिके हमखास हीच चूक करतात, असं काका म्हणतो. घासताना कंटाळतात.

"मग आणखी घासतो," मी म्हटलं.

त्याने दात खिडकीकडे धरला. त्या बाजूने दात आतून पोकळ. उजेड आरपार आला, तिसऱ्या वल्ह्यापाशी अगदी अंड्याच्या टरफलातून यावा तसा. "घास," म्हणाला. "भोक पडेल. मग तिथे कुणीच नसेल."

त्यानंतर तो आणखी काहीबाही बोलला. म्हातारा माणूस, वाऱ्यात बसून बसून डोकं चालत नाही त्याचं. ते लिहिण्यासारखं नाही.

इकडे सगळं ठीक. गाय व्यायली. तुला आवडायचं त्या चीजचे दोन गोळे झालेत. पाठवले असते, पण वाटेत खराब होतील.

इलारियो


१४ मे १९६७
पवित्र आत्म्याचा सण

ताई,

सगळं गाव रश्शाच्या पंगतीला बसलंय. बँडचा आवाज इथवर येतोय. मी गेलो नाही. मागचं पत्र टाकल्यापासून मला जेवण जात नाही. ते पत्र खोटं होतं. त्याच्या आधीचीही. आता सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही, म्हणून खोडाखोड करणार नाही.

त्या दिवशी खोपट्यात काकाने दात खाली ठेवला आणि विचारलं, "अमांसियोला वल्ह्यावर बसलेला तू पाहिलास?"

"मी कुठे होतो तिथे?"

"नव्हतास. मग त्या दिवशी तू काय पाहिलंस? ते कोर."

मी म्हटलं, मी कुरणात होतो, गाईपाशी.

"इलारियो," तो म्हणाला, "मी बाण सोडला आणि गावावर दुर्बीण लावली. सहा जण धावले. सातवा तुझ्या मळ्यात होता. दगडांच्या गडग्यापाशी उभा होता, बाण वाजला तसा खाली बसला. मी तुझ्यावर दुर्बीण धरून ठेवली. म्हटलं, उठेल. पाय मुरगळला असेल, उठेल. तू कान झाकलेस."

ताई, हे खरं आहे.

मला बाण ऐकू आला होता.

त्याच्या आदल्या महिन्यात माशाच्या शेपटीने बोट फोडली होती, तुला आठवत असेल. मी तासभर वल्ह्याला धरून पाण्यात होतो. गुत्त्यात मी त्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या, लोकांना हसवलं, अंजिराची दारू पाजली. पण मला रात्री झोप नव्हती. पाण्याखालून तो मासा गेला होता, माझ्या पायांखालून, आणि किती तरी वेळ जातच राहिला होता. हे मी कुणाला सांगणार? मी, इलारियो, अठरा वर्षांचा जुना वल्हेकरी!

बाण वाजला आणि पायांखालून पुन्हा तो मासा गेला. मी गडग्याला टेकून बसलो आणि मनाशी म्हटलं, एक माणूस कमी पडला की बोट सुटणार नाही. आजचा दिवस जाऊ देतील. मी नाही म्हटल्यावर 'सांता क्लारा' जाईलच कशी, एवढी मला माझ्या वल्ह्याची घमेंड. धक्क्याला लागून चांभाराचं दुकान आहे आणि त्यात एक भला माणूस बसलाय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सातवा हवा म्हणून तो माझ्या वल्ह्यावर बसला, त्याआधी बोटीत कधी बसला नव्हता. भाला लागून देवमाशामागे दोर सुटला की पाय कुठे ठेवायचे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आमचे पाय आपोआप आत येतात, विचार करावा लागत नाही. त्याने पाय दोरापलीकडे टाकला. एवढंच. दोराने त्याला नेलं.

संध्याकाळी मी खाली आलो ते कुरणाची सबब तयार करूनच. तू धक्क्यावर उभी होतीस. तू एकदाच विचारलंस, "ऐकू आला होता का रे?" मी म्हटलं, नाही. मग परत कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणतो. पण पुन्हाही मी खोटंच बोललो असतो.

मी काकाला म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं तर गावाला का नाही सांगितलंत?

"मला समुद्र बघायला ठेवलंय, माणसं नाही. आणि तुझी वाट बघत होतो. दात घेऊन आलास, वाटलं, आता सांगेल. तू आपला खांदे कोरत बसलास."

मग त्याने मला एक गोष्ट दिली, ती ग्रासासाठी. बोट धक्क्यावरून सुटताना त्याने दुर्बिणीतून अमांसियोला पाहिलं होतं. त्याच्या अंगात चामड्याचा एप्रन तसाच होता. काढायला सवडच झाली नसावी. पाठीवर पट्ट्यांची फुली दिसत होती, म्हणाला.

ती फुली मी कोरली. दोन रेघा. त्यांना मला चार दिवस लागले.

आता दात नीट बघ. एका बाजूला बोट. तिसऱ्या वल्ह्यावर अमांसियो, एप्रनसकट. हे काकाने पाहिलेलं आहे, म्हणजे खरं आहे. त्याच्या मागे फिकट माणूस दिसेल, तो मी. मी तिथे असायला हवं होतं आणि नव्हतो. तो घासून निघत नाही, मी प्रयत्न केला.

दात उलटा केलास की गडगा दिसेल. एकेक दगड कोरलाय. वर बाणाचा धूर. खाली माणूस बसलाय, कानांवर हात ठेवून. हे मी पाहिलेलं आहे. त्याचे खांदे बैलासारखे नाहीत, तेवढं बघ.

पार्सलमध्ये आरीही ठेवलीय. ग्रासाला बाबांची वस्तू हवी होती ना. त्या मुठीत तिचा अंगठा कदाचित बसेल.

ही मागची बाजू तिला दाखवायची की नाही, ते तू ठरव. दात समुद्रात फेकून दिलास तरी माझी तक्रार नाही. मी आता दर नाताळला लिहून तुला छळणार नाही. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे जाईना. तुझा नवरा माझ्या जागेवर बसून मेला, आणि मी दहा वर्षं तुला पत्रांतून गाईची खुशाली कळवत राहिलो.

इलारियो


न्यू बेडफर्ड
२ जुलै १९६७

इलारियो,

दात वेळेवर मिळाला. लग्नात टेबलावर ठेवला होता, बोटीची बाजू पुढे करून. ग्रासा एप्रनच्या पट्ट्यांवरून सारखं बोट फिरवत होती. आरीही तिने ठेवून घेतलीय. मागची बाजू मी तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दाखवली. ती रडली. तू बरा आहेस का, असं तिने विचारलं. ते मला ठाऊक नाही असं मी सांगितलं.

तुझं एक चुकलंय. एप्रन काढायला सवड होती. मी दुकानाच्या दारात उभी होते. मी म्हटलं, तुम्ही जाऊ नका, तुम्हाला काय कळतं त्यातलं. ते म्हणाले, "अगं, इलारियो वाटेतच असेल. एप्रन कशाला काढू? तो आला की उतरायचंच आहे."

बोट पाण्यात ढकलली तेव्हा त्यांनी मागे वळून मला हाक मारली. "लिंदा, तो आला की सांग, मी त्याची जागा धरून ठेवलीय."

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला बाण खरंच ऐकू आला नसेल, तर हे ऐकून तू जगला नसतास. आणि आला असेल, तर तू आपण होऊन सांगशील म्हणून थांबले. तुझं प्रत्येक पत्र मी उभ्यानेच उघडलं. दर वेळी गाय, द्राक्षं, चीज. मग मी ते बंद करून ठेवायचे. उत्तर काय लिहिणार होते?

आता तू सांगितलंस. म्हणून त्यांचा निरोप तुला पोचवला.

देओलिंदा